चारशे तेरावं नाव

वंशावळ वाचणारा वहीवंचा आला, तेव्हा धुळ्याच्या चुडामण नानांनी त्याच्याकडून आपल्या कुळाची चारशे बारा नावं उतरवून घेतली आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये भरली. जन्माची तारीख दिल्याशिवाय प्रोग्रॅम नाव घेत नसे. ही अट नानांचीच.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्यांनी डॉस काढून विंडोज टाकली, तर प्रोग्रॅम उघडेनाच. आठ दिवस खपून नानांनी त्याला तो अजून डॉसवरच आहे असं भासवलं, आणि त्या दुपारी तो निमूट उघडला. अख्ख्या धुळ्यात हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, याबद्दल निवृत्त मास्तर असलेल्या नानांच्या मनात शंका नव्हती.

"प्रमिला, बठ्ठं कूळ उनं, देख," सगळं कूळ पडद्यावर आलेलं पाहून त्यांनी सुनेला हाक मारली.

नावं मात्र चारशे तेरा झाली होती. शेवटचं नानांनी भरलेलंच नव्हतं. गोकुळ. बाप म्हणून त्यांचा मुलगा, आणि जन्माची तारीख येत्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची.

मुलाच्या लग्नाला सहा वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. तरी नाना कौतुकाने हसले. "मशीनले बी नातूनी घाई शे."

प्रमिला हसली नाही. तिने पदर पोटाशी धरला.

"नाना, हाई नाव मी आजून कोनलेच सांगेल नही."

नानांचा ऊर भरून आला. डोळे पुसायला त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

पडद्यावर कर्सर आपोआप पुढच्या, मृत्यूच्या रकान्यात सरकला आणि तिथे पहिला आकडा उमटला.