अर्नेस्टची दुसरी मयत

काळ्या कोटाने घात केला. वॉकीटॉकीवाल्या पोरीने ट्रेव्हर ओल्डरॉइडला बाही धरून चहाच्या रांगेतून बाहेर ओढलं.

"काका, इथे काय करताय? मयतीवाले सगळे चॅपेलमध्ये जाऊन बसले!"

"मी लेखक आहे," ट्रेव्हर म्हणाला. "ह्याच सिनेमाचा."

"असणारच," ती हसली. "ह्या गर्दीत लेखक नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. चला, पाय उचला."

तिचं तरी काय चुकलं? ज्याने गोष्ट लिहिली, त्याला इंग्लंडात चित्रीकरणाच्या जागी कुत्रं विचारत नाही. फाटकावर त्याचं नाव दिलेलं नव्हतं, बसायला खुर्ची नव्हती. काळा कोट मात्र त्याने मुद्दाम घातला होता. बापाच्या मयतीला दुसरं काय घालणार? निदान जवळून बघायला तरी मिळेल, म्हणून तो मुकाट तिच्या मागे निघाला.

चॅपेल, म्हणजे ते छोटेखानी चर्च, बापाच्या गावचं, हडर्सफील्डचंच होतं. मागच्या रांगेत मॉरीन नावाची एक बाई पिशवीतली लोकर काढून विणत बसली होती.

"महिन्यातली तिसरी मयत माझी," विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं. "लग्नाच्या सीनला मला कोणी घेत नाही. चेहराच असा मेला! तुमचं काय?"

"त्या शवपेटीत आहेत ते माझे वडील."

"अगोबाई! तुम्ही जीव ओतून काम करणाऱ्यांपैकी दिसता," मॉरीन म्हणाली. "पण आपलं नुसतं कोपर दिसतं हो पडद्यावर. एवढं नका मनाला लावून घेऊ."

 तीस वर्षं ट्रेव्हरने टीव्हीवरच्या पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी पोतीच्या पोती भरून वाक्यं घातली होती. मग बापासाठी हा एक सिनेमा लिहिला, आणि त्यातल्या मयतीच्या प्रसंगात एकही वाक्य घातलं नाही. मुलगा उठतो, बापाबद्दल दोन शब्द बोलायला पुढे जातो, तोंड उघडत नाही, परत येऊन बसतो. बस्स. खऱ्या मयतीत ट्रेव्हरचं तसंच झालं होतं. पुढे त्याच्या हातून पटकथा काढून घेतली, दुसऱ्या दोघांना दिली, दिग्दर्शकही दोनदा बदलला. पण ह्या प्रसंगाला कोणी हात लावणार नाही, असा निर्मातीने त्याला शब्द दिला होता. तेवढ्या शब्दावर तो लंडनहून आला होता.

कॅमेरा सुरू झाला. सिनेमातला मुलगा, देखणा आणि रुंद खांद्यांचा, उठून पुढे गेला. उभा राहिला. 

"बाबा," नट म्हणाला, "तुम्ही प्यायचात. आईला मारायचात. मी जिन्याखाली लपून बसायचो." एक टपोरा थेंब त्याच्या गालावरून अगदी वेळेवर ओघळला. "पण आज मी तुम्हाला क्षमा केली, बाबा."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. मॉरीननेही डोळे टिपले.

ट्रेव्हरच्या अंगाची लाही लाही झाली. अर्नेस्ट ओल्डरॉइड बस चालवायचा. अकराव्या वर्षी चॅपेलमध्ये त्याने दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती, आणि ख्रिसमसला बहिणीच्या घरच्या ट्रायफल पुडिंगला शेरीच्या दारूचा नुसता वास आला तरी तो वाटी मागे सारायचा. बायकोवर हात उगारणं तर दूरच, त्याने आवाज चढवला तो जन्मभर फुटबॉलच्या गोलकीपरवर. आणि पेटीवरच्या पितळी पट्टीवर नाव तेवढं खरं कोरलेलं होतं. तो हट्ट ट्रेव्हरचाच. बापाचं नाव पडद्यावर झळकावं अशी त्याची फार हौस होती. आता ते झळकणार होतं. घरोघरी लोक अर्नेस्ट ओल्डरॉइड म्हणजे तो बायकोला झोडपणारा बेवडा, असं म्हणणार होते.

तो उठून उभा राहिला.

"खोटं आहे हे!" त्याचा आवाज चिरकला. "ह्या माणसाने आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही! बायकोवर हात टाकला नाही कधी!"

"कट!"

सगळ्या माना मागे वळल्या. मॉरीन त्याचा कोट ओढू लागली. "बसा हो, बसा! गर्दीने बोलायचं नसतं. ह्या वयात काम घालवाल."

कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक टोबी रांगांमधून वाट काढत आला. तरणा, गोरटेला, चांगल्या शाळेत शिकलेला मुलगा. ट्रेव्हरला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. तो जवळ येऊन उकिडवा बसला आणि त्याने अदबीने ट्रेव्हरच्या हातावर हात ठेवला.

"घाबरू नका, मी रागावलेलो नाही. उलट छान होतं, अगदी आतून आलं. मला आवडलं." मग त्याने लहान मुलाला समजवावं तसा आवाज खाली आणला. "पण आपण इथे कोण आहोत, ते लक्षात ठेवायचं, काका. तुम्ही गल्लीतले शेजारी. त्या घरात काय चालायचं, ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार?"