केंद्राची वाढीव सेवा

कॉलेजच्या लेखन केंद्रात हौसाबाईंनी पोरीचं पत्र टेबलावर आपटलं. "मी सुखात आहे, म्हणे! आमची सारिका मेसच्या आमटीला नावं ठेवल्याबिगर दोन ओळी लिहीत नाही. कुणी लिहिलंय हे?"

"तिनंच, मावशी," केंद्राच्या मॅडम हसल्या. "आमचं यंत्र लिहिलेल्यातलं फक्त रडगाणं गाळतं. यंदापासून बोलतानाही मदत मिळते."

सारिका आली. कानामागे बटणाएवढं यंत्र चिकटलेलं. तिनं आईचा पदर मुठीत घट्ट धरला, डोळे घळाघळा वाहू लागले, आणि ती गोड आवाजात म्हणाली, "आई, मी इथं अत्यंत समाधानी आहे."

हौसाबाईंनी ते यंत्र उपटून फेकलं. "बोल आता! हव्या तेवढ्या शिव्या घाल!"

सारिकानं तोंड उघडलं. मग, कुणीतरी शब्द द्यावेत म्हणून, ती मॅडमकडे बघत राहिली.