अठ्ठाविसाव्या वर्षीचा फोटो

"अगदी असाच हवा होता मला," चित्रकार ताई फ्रेम खिडकीच्या उजेडाकडे धरत म्हणाल्या. "तुमचे यजमान इथे किती वर्षांचे?"

"अठ्ठावीस."

"झालं तर मग. मुलगाही आज अठ्ठावीसचाच असेल ना?"

तिने मान हलवली. सहा वर्षांचा टिल्लू खेळायला म्हणून घराबाहेर पडला, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. हरवलेली पोरं मोठी होऊन कशी दिसत असतील, याची चित्रं या ताई पोलिसांना काढून द्यायच्या. पोराचा जुना फोटो घ्यायचा, आईबापांचे त्या वयातले फोटो घ्यायचे आणि त्यांवरून आजचा चेहरा बांधायचा. याआधी दोन चित्रं निघाली, भिंतीभिंतीवर लागली. एका माणसाला म्हणून ओळख पटली नाही. हे तिसरं, आणि शेवटचं. यानंतर फाइल कपाटात जाणार, असं पोलिसांनी तोंडावर सांगितलं होतं.

फ्रेम तिने नवऱ्याला न विचारताच आणली होती. "अल्बममधला दे कुठला तरी," एवढं बोलून तो सकाळी कामावर गेला होता. पण अल्बममध्ये त्या वयाचा एक फोटो धड असेल तर शपथ! एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात निम्मं तोंड सावलीत. शेवटी स्टुलावर चढून तिने बैठकीतली फ्रेम उतरवली. तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. घरातली इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस, पण ती फ्रेम मात्र दर रविवारी स्वतः पुसायचा. स्वतःच्या तोंडावर भारी जीव हो, असं ती नणंदेला हसून सांगायची.

आज हसू येत नव्हतं.

"चित्र जमेल ना, ताई?"

"वडिलांचा चेहरा नीट मिळाला की निम्मं काम झालं. मुलगे मोठे झाले की बापाचं नाक, बापाची हनुवटी घेऊन बसतात. बाप चुकला तर अख्खं चित्र चुकलं म्हणून समजा." ताई सहज बोलून गेल्या आणि छोटी पक्कड घेऊन फ्रेममागचे खिळे उपसायला लागल्या.

बाप चुकलाच होता. दोन्ही वेळा.

त्या दिवशी पोलिसांना तिने सगळं सांगितलं होतं. पिवळा शर्ट, ठिगळाची चड्डी, खिशात दोन गोट्या. एक गोष्ट तेवढी गिळली. सकाळी टिल्लूने शिलाई मशीनच्या खणातून एका माणसाचा फोटो शोधून काढला होता, तिने सात वर्षं जपलेला. हिरव्या खडूने त्याने त्या माणसाला झुपकेदार मिशा काढल्या, आणि "आई, हा कोण गं?" म्हणत समोर नाचवला. ती हिसकावणार तोच कार्ट्याने फोटो खिशात कोंबून धूम ठोकली. नवरा नुकताच कामावर निघाला होता, म्हणून बरं, असं वाटलं होतं तिला तेव्हा. टिल्लू परत आला की घेऊ काढून. पण तो आलाच नाही.

पर्समध्ये फोन वाजला. नवरा.

"भिंतीवरचा माझा फोटो कुठाय?"

"अहो, तुम्ही एवढ्यात घरी कसे?"

"फोटो कुठाय विचारतोय."

"चित्रकार ताईंकडे आणलाय. अल्बममधले बरे नव्हते, म्हणून..."

पलीकडे दार धाडकन लागल्याचा आवाज आला.

"मी येतोय तिथे. तोवर कुणाला त्याला हात लावू देऊ नकोस."

तिचं धाबं दणाणलं. ह्यांना संशय आला! घर दहा मिनिटांवर होतं. आत्ता बोलली नाही, तर पुन्हा कधीच बोलणं होणार नव्हतं.

"ताई, हे टिल्लूचे वडील नाहीत."

पक्कड थांबली.

"मी शिवण शिकायला जायचे, तिथे शिकवणारे होते एक. टिल्लू व्हायच्या आधीच ते कुठे निघून गेले, देव जाणे. बावीस वर्षं मी ब्र काढला नाही. ह्यांना कळलं तर माझं काय होईल, एवढंच बघितलं. माझ्या भित्रेपणापायी माझं पोर कुणाला ओळखू आलं नाही हो!" तिला हुंदका आवरेना.

ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "त्यांचा एखादा फोटो?"

"एकच होता. तो गेला."

"मग तोंडी सांगा. मी काढते."

"पण ह्यांना कळता कामा नये. येतीलच आता."

"नाही कळणार. फ्रेम होती तशी ठोकून देते, घेऊन जा."

जिन्यात पावलं वाजायला लागली. ओळखीची, भरभर चढणारी.

शेवटचा खिळा निघालेलाच होता. पुठ्ठा सारखा करायला म्हणून ताईंनी तो उचलला, आणि त्याच्या आतून एक छोटा, चुरगळलेला फोटो टेबलावर पडला.

"हे कोण?" ताई चष्मा सावरत म्हणाल्या. "आणि यांना हिरव्या मिशा कुणी काढल्या?"