छतावरची नदी

नावाडी अंथरुणाला खिळला, त्याला सहा महिने झाले होते. नदी दिसेना म्हणून त्याचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी बायकोनंच कंबर कसली. बिघडलेल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर तिनं काढली, तिच्यावर नक्षीचा काचेचा वाडगा बसवला, शेजारी बल्ब लावून बटण दाबलं. छतभर उजेडाचं पाणी हलायला लागलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, उलटं वाहतंय."

"वाहतंय हे काय कमी आहे?" असं पुटपुटत तिनं बटण बंद करून परत लावलं. मोटर मोठी लहरी. या खेपेला दुसऱ्या बाजूनं फिरली.

"आता बरोबर." कण्हत कण्हत तो भिंतीकडे सरकला आणि त्यानं शेजारची जागा थोपटली. "ये."

पाण्याच्या धास्तीनं चाळीस वर्षांत तिनं त्याच्या नावेत एकदाही पाय ठेवला नव्हता. छताकडे बघत, जीव मुठीत धरून ती पलंगावर चढली आणि दोन्ही हातांनी कड घट्ट पकडून बसली.

प्रत्येक नव्या उतारूशी बोलायचा, तशाच अदबीनं नावाडी म्हणाला, "कड सोडा, बाई. हात द्या. पाणी शांत आहे."