विणीचे दिवस

संस्थानच्या वेठीला नाही म्हणता येत नसे. म्हणून बाळंतीण नवशी तान्हं पोर सासूजवळ टाकून जामसरहून साहेबांच्या बंगल्यावर गवत कापायला आली. कुंपणाशी राजहंसाची मादी अंड्यांवर बसली होती. मुकादम तिथून जाताच नर मान लांबवून फुत्कारत धावला आणि त्याच्या पोटरीला कडाडून चावला. मुकादमानं काठी उगारली, तसे व्हरांड्यातून साहेब गरजले, “खबरदार! विणीचे दिवस आहेत, जनावर चवताळणारच. महिनाभर त्यांना कुणी छेडायचं नाही.” नवशीची चोळी एव्हाना दुधानं भिजली होती. ती मुकादमाला म्हणाली, “दादा, माजं पोर भुकेलं असंल. घरी जाऊ द्या.” “गवत संपल्याशिवाय हलायचं नाही, रांडे!” मुकादमानं तिचा हात पिरगळला. दुसऱ्या हातातला विळा नवशीनं उगारला. मुकादम झटकन मागं सरला. व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशी ती ओरडली, “खबरदार! मीबी व्यालेय!”