डेडस्टॉक

एकदाही पायात न घातलेल्या कोऱ्या जोडीला स्नीकर्सवाले ‘डेडस्टॉक’ म्हणतात, हे प्रणिताला नवऱ्यानंच शिकवलं होतं. सकाळी धूळ पुसताना तसल्याच एका जोडीचा खोका तिच्या हातून पडला, तसं अभिजितनं तिला केसांना धरून कपाटावर आपटलं. मग खोक्याचा चेपलेला कोपरा अलगद सरळ केला.

संध्याकाळी सीतापुऱ्याहून त्याचा मित्र राघव जोड्या बघायला आला. “वहिनी, डोक्यावर ओढणी? पक्क्या जयपूरवाल्या झालात की!” मग अभिजितकडे वळून म्हणाला, “सगळे शोकेसमध्येच? बीटर कुठाय तुझा? मतलब, रोज बिनधास्त रगडायचा, फाटला तरी वाईट न वाटणारा?”

प्रणितानं सुजलेल्या कपाळावरून ओढणी मागे सारली.



“मी आहे ना, भावजी.”