प्रजातीचा रकाना

खुर्चीतल्या साहेबांनो, तुम्हाला माणसापेक्षा फॉर्मातला रकाना प्यारा!

शिंपीणबाईंचा विसराळू नवरा सोमवारी घरातून निघाला तो परतलाच नाही. सगळे त्याला बाजारात शोधत होते, आणि त्यानेच हौसेने परसात लावलेल्या कॅमेऱ्यात, कुंपणापलीकडच्या जुन्या खाणीच्या काठावर, नुसती बसून राहिलेली गिधाडं दिसत होती. खाण तुमच्या वनखात्याची, फाटकाची किल्लीही तुमच्याकडे.

"भाऊ, खाणीकाठी गिधाडं बसलीत, एकदा खाली डोकावून या हो," बाईंनी फोनवर विनवलं.

"आजी, उगाच घायकुतीला येऊ नका," तुमचा कारकून म्हणाला. "गिधाड कोणतं ते आधी लिहा. प्रजाती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

डोळ्यांत तेल घालून बाई फोटो बघत बसल्या. पांढऱ्या पाठीचं, की लांब चोचीचं? चुकलं म्हणून दोनदा अर्ज परत आला. गुरुवारी बरोबर आलं, तेव्हा फाटक उघडलं आणि खाली नवऱ्याचा मृतदेह सापडला. डॉक्टरांनी सांगितलं, पाय मोडून पडले होते, पण बुधवारपर्यंत जिवंत होते.

आता बाई तुमच्या टेबलासमोर उभ्या आहेत.



"गिधाडं त्यांच्या मरणाची वाट बघत होती, साहेब. तुम्ही कशाची वाट बघत होतात?"